वळणापर्यंत काठी नका वाजवू

त्या दिवशी सकाळी दाजींनी बाथरूमचं दार वाजवलं तेव्हा आत कोणी नव्हतं. ताई ओट्याशी चहा गाळत होती, सासूबाई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या, घरात चौथं माणूसच नाही. ताई म्हणाली, "अहो, विचारताय कोणाला? सगळे बाहेरच आहोत." दाजी म्हणाले, "पाल असते आत. तिला कळायला नको का माणूस येतोय ते?" आणि बोटाच्या पेराने अजून एकदा ठक ठक केलं, "येतोय हं" म्हणाले आणि मग आत गेले.

हे त्यांचं रोजचं होतं. कपाट उघडायच्या आधी वाजवायचे, पाण्याच्या टाकीचं झाकण काढायच्या आधी वाजवायचे. सासूबाई म्हणायच्या, "याला कपाटातून कोण ओ देणार आहे देव जाणे." लग्न झालं तेव्हा ताईला वाटलं होतं नवऱ्याच्या डोक्यात काहीतरी फरक आहे. मग कळलं की ती नोकरीची सवय आहे, अंगातच मुरलेली.

दाजी जंगलात गार्ड होते. सकाळी गस्तीला निघायचं ते हातात काठी घेऊन, आणि थोडं चाललं की झाडाच्या बुंध्यावर नाहीतर दगडावर ठक ठक करायचं, तोंडाने म्हणत राहायचं, येतोय हं, येतोय. हे अस्वलासाठी. अस्वल नाक खाली घालून खायला लागलं की त्याला कशाचं भान राहत नाही. लांबून आवाज गेला तर ते आपलं उठतं आणि निघून जातं, त्याला माणसात काही रस नसतो. पण वाटेच्या वळणावर एकदम समोरासमोर गाठ पडली तर ते पळत नाही, अंगावर येतं. पिल्लं असली बरोबर तर विचारायलाच नको. प्रत्येक गार्डला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. बाकीचे वर्षभर वाजवतात, मग हात दुखतो, कंटाळा येतो, मोबाईलवर गाणी लावून चालतात. दाजींनी कधी सोडलं नाही. म्हणून चौकीवर त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारायचंच नाही. ठकठक्या म्हणायचे. साहेबसुद्धा म्हणायचे.

तर त्या दिवशी दाजींनी इस्त्रीचे कपडे घातले होते. चॅनलवाले येणार होते ना.

हे चॅनलचं प्रकरण आधीच्या उन्हाळ्यात सुरू झालं. एक अस्वल शाळेच्या मैदानात आलं होतं. माणसं भिंतीवर चढून आरडाओरडा करत होती, दगड मारत होती, ते बिचारं गोल गोल फिरत होतं. दाजी गेले, माणसांच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहिले, आणि काठी जमिनीवर वाजवत त्याला म्हणाले, "चला, चला, घरी चला आता, उशीर झाला." घरी आलेल्या पाहुण्याला वाटेला लावावं तसं बोलत बोलत त्यांनी त्याला फाटकातून बाहेर काढलं. कोणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या फोनवर. अस्वलाशी बोलणारा माणूस म्हणून टीव्हीवर दाखवलं. दाजी म्हणायचे, "मी बोलतो ते दाखवलं, पण अस्वल काय म्हणालं ते कोणी विचारलं नाही." चौकीवरचे चिडवायचे, "ठकठक्या, सही दे की कागदावर, बायकोला दाखवतो." आणि रेंजर साहेबांना मात्र ते फार आवडलं, कारण त्यांचीही मुलाखत झाली होती.

एरवी दाजींचं काम बघायला कोणी येत नव्हतं. चोरून शिकार करणारे वाटेवर तारेचे फासे लावून ठेवतात, ते शोधून काढायचे हे रोजचं काम. त्यात अडकलेलं डुक्कर नाहीतर हरीण जिवंत असलं तर ते सोडवायचं, ते शिंगं मारणार, लाथा मारणार. एकदा लाकूडचोरांनी दगड मारून त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, महिनाभर ताईच त्यांना शर्ट घालत होती. वणवा लागला की ओली पोती घेऊन आगीच्या कडेने पळायचं. एकदा बुटाचे तळ वितळून आले, ते बूट ताईने दाराबाहेर ठेवले तरी घरभर वास. संध्याकाळी ताई त्यांच्या पाठीवरच्या गोचिड्या चिमट्याने काढायची आणि ते पालथे पडून गप्पा मारायचे. हे काही टीव्हीवर येत नाही. टीव्हीला अस्वल पाहिजे होतं.

साहेबांनी आदल्या दिवशी सांगितलं, चॅनलची माणसं येतायत, त्यांना गस्तीला घेऊन जा, ते म्हणतील तसं करा, सहकार्य करा. दाजी म्हणाले, बरं.

हे "बरं" म्हणजे दाजींचं दुसरं नाव होतं. कोणी काही सांगितलं की बरं. सुट्टीच्या दिवशी ड्यूटीला ये, बरं. माझ्या बदली तू जा, बरं. ताई चिडायची, "तुमच्या तोंडात नाही हा शब्द देवाने घातलाच नाही का?" त्यावर पण म्हणायचे, "बरं."

निघताना ताई म्हणाली, "डोक्याला तेल लावू नका, टीव्हीवर चमकतं." दाजी म्हणाले, "बरं." दारामागची काठी घेतली. चौकटीवर सवयीने ठक ठक केलं, आतून बाहेर जाताना सुद्धा, आणि गेले.

ताई घरी शिवणकाम करते, कपडे आखूड करणं, चेन बदलणं असलं. दुपारी मशीन चालू होती म्हणून तिला शेजारीण आलेली कळली नाही. शेजारीण न विचारता आत आली आणि तिने सरळ टीव्ही लावला. ताईला वाटलं दाजी दिसतायत म्हणून दाखवायला आली. ती म्हणाली, "थांब ग, एवढी शिलाई मारते." शेजारणीने मशीनच्या चाकावर हात ठेवला. तेव्हा ताईने वर बघितलं. पडद्यावर दाजी चालत होते, पाठमोरे, इस्त्रीचा शर्ट. मग झाडी हलली, मग सगळं काळं, आणि खाली पट्टी सरकत होती. ताईला झरझर वाचता येत नाही. शेजारीण वाचत होती पण तिच्या तोंडातून आवाज येईना. शेवटी पलंगावरून सासूबाईंनी विचारलं, "काय ग, काय लिहिलंय माझ्या पोराचं?"

ऑफिसातून फोन आला तो नंतर.

घडलं ते असं. बरोबर दाजींचा जोडीदार गार्ड होता. त्याला मुका म्हणतात, कारण तो एक मिनिट गप्प बसत नाही. शिवाय चॅनलची एक तरुण बाई आणि कॅमेरा धरणारा. ओढ्याच्या बाजूने वाट वळते, त्या वळणापलीकडे अस्वलीण होती, दोन पिल्लं घेऊन. दाजी सगळ्यात पुढे. ती सरळ त्यांच्यावर आली. मुक्याने दगड मारले, ओरडला, जवळ जाऊन पाठीत काठी घातली, तेव्हा ती सुटली आणि पिल्लांना घेऊन गेली. मुक्याने दाजींना पाठीवर घेतलं आणि गाडीपर्यंत आणलं. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा सगळं संपलं होतं. ताईला तोंड बघू दिलं नाही. हात बघू दिला. उजवा हात धड होता, पेरांवर घट्टे तसेच.

शेवटच्या निरोपाला एवढी माणसं कुठून आली कळलं नाही. फुलं, गाड्या, कॅमेरे. रेंजर साहेब चार माइकसमोर उभे राहून बोलले आणि ताई चार पावलांवर उभी होती. साहेब म्हणाले, फार दुःखद घटना, अनुभवी माणूस, आमच्या खात्याचा हिरो. आणि मग म्हणाले, "पण दुर्दैवाने त्या दिवशी त्यांनी आवाज देत चालण्याचा नियम पाळला नाही. थोडा निष्काळजीपणा झाला. अनुभवी माणसाला कधी कधी जास्त आत्मविश्वास नडतो."

ताईला आधी कळलंच नाही की हे कोणाबद्दल चाललंय. तिने शेजारी उभ्या असलेल्या आमच्या आईला विचारलं, "कोणी नाही वाजवलं?"

मग घरी आल्यावर तिने ते धरलं. ना रडणं, ना जेवणं, एकच, ह्यांनी वाजवलं नाही असं होणारच नाही. जो माणूस रिकाम्या बाथरूमला वाजवतो तो अस्वलाच्या ओढ्याला वाजवणार नाही? घरातली माणसं म्हणायची, अगं वाजवलं असेल नसेल, आता त्याने काय होणार आहे, माणूस तर गेला. ती म्हणायची, "माणूस गेला, आता त्याच्या मागे हे पण लावून देऊ?" सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या.

चॅनलने दाखवलेला तो व्हिडिओ ताईच्या फोनवर होता. ती तो कानाला लावून ऐकायची. बघायची नाही, ऐकायची. पण त्याच्यावर बाजा घातला होता, रडकं संगीत, व्हायोलिनचं. दाजी चालतायत, बोलतायत, सगळं त्या बाजाखाली. ठक ठक आहे का नाही काही कळत नाही. आवाज मोठा केला की बाजाच मोठा होतो. ती मशीनवर बसायची, फोन कानाला, आणि त्या व्हायोलिनच्या खाली काहीतरी चाचपत बसायची. शेजारीण म्हणाली, "वेड लागेल तुला." ताई म्हणाली, "लागू दे. तेवढं ऐकू आल्यावर लागू दे."

एकदा तिला वाटलं ऐकू आलं. आम्हा सगळ्यांना बोलावून ऐकवलं. ते ढोलकं होतं, त्या बाजातलंच.

नंतर चौकीवरून निरोप आला, दाजींची पेटी घेऊन जा आणि सरकारी कपडे जमा करा. ताईने कपडे धुऊन इस्त्री केले, घडी घालून नेले. चौकीच्या अंगणात नवीन भरती झालेली पोरं रांगेत उभी होती, नवीन बूट, नवीन काठ्या, आणि एक शिकवणारा त्यांच्यापुढे. तो म्हणत होता, "काठी का वाजवायची?" पोरं म्हणाली, "अस्वलासाठी, सर." तो म्हणाला, "आणि नाही वाजवली तर काय होतं?" पोरं बुटांकडे बघायला लागली. तर तोच म्हणाला, "नाही वाजवली तर ठकठक्या होतो." दोन तीन पोरं हसली. त्यांना काय माहीत, त्यांना वाटलं गंमतच आहे.

ताई कपड्यांची घडी घेऊन तिथेच उभी राहिली. मुक्याने तिला बघितलं, धावत आला, तिला मागच्या खोलीत नेलं, खुर्ची दिली. पाणी दिलं. पेटी दिली, काठी दिली. एवढा बोलणारा माणूस, तोंड शिवल्यासारखा.

ताई म्हणाली, "भाऊजी, तुम्ही होतात ना तिथे. ह्यांनी वाजवलं का नाही?"

"वहिनी, मी मागे होतो. ओढ्याचं पाणी वाजत होतं."

"म्हणजे वाजवलं?"

"मला ऐकू नाही आलं."

"म्हणजे नाही वाजवलं?"

मुका खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, "वहिनी, मला लेकरं आहेत. साहेबांनी सांगितलंय कोणाशी काही बोलायचं नाही." मग तोंड तिकडेच ठेवून म्हणाला, "दादाच्या कॉलरला त्या लोकांनी माइक लावला होता. एवढासा असतो, बटणासारखा. जे काय असेल ते त्यात असणार. मी काही सांगितलेलं नाही हां तुम्हाला."

ताईने आमच्या भावाला घेतलं आणि ती चॅनलच्या ऑफिसला गेली. मोठी बिल्डिंग, काचेचं दार आपोआप उघडतं. आत गार कोच, भिंतीवर ओळीने टीव्ही, सगळे चालू, सगळे मुके. एवढी माणसं तोंडं हलवतायत आणि आवाज नाही. टेबलावरची मुलगी म्हणाली, अपॉइंटमेंट आहे का. ताई म्हणाली, "तुमच्या टीव्हीत माझा नवरा मेला, त्याचा आवाज ऐकायचाय." मुलगी फोन लावत राहिली. कोणी येईना. दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला मला रजा नाही, तर एकटी गेली, बस बदलून. डबा घेऊन गेली आणि कोचावर बसून राहिली.

तेव्हा ती चॅनलवाली बाई आली. टीव्हीवर मोठी दिसते, जवळून बघितलं तर आमच्या धाकट्या बहिणीएवढी. हाताला पट्टी होती, पळताना पडली होती. ताईला बघितलं आणि तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "काकू, या. सर जेवायला गेलेत, पटकन या."

आत एक छोटी खोली, खिडकी नाही, एक माणूस कॉम्प्युटरसमोर. बाईने त्याला काहीतरी सांगितलं. त्याने मोठे हेडफोन ताईच्या कानाला लावले.

आणि बाजा नव्हता. पहिल्यांदा बाजा नव्हता. बुटांचा आवाज, पाला चुरडल्याचा. दाजींचा श्वास, एवढा जवळ की ताईने मागे वळून बघितलं. आणि ठक ठक. ठक ठक. ताईने तोंडावर पदर दाबला. बोटाने खूण केली, हे बघा, हे बघा. खोलीतल्या दोघांना ऐकू येत नव्हतं, फक्त तिलाच, पण त्यांना माहीत होतं.

मग त्या बाईचा आवाज आला, हीच जी शेजारी उभी होती तिचा. "काका, जरा ती काठी नका ना वाजवू. तुमचं बोलणं कापलं जातंय माइकमध्ये."

दाजी हसले. म्हणाले, "अगं बाळा, वाजवल्याशिवाय कसं? कोणाच्या घरात शिरताना दार नाही वाजवत का आपण?"

"हे छान आहे, हेच परत बोला ना काका, पण काठी न वाजवता. फक्त त्या वळणापर्यंत."

मग नुसते बूट. नुसता पाला. आणि मग दाजी म्हणाले, "बरं. वळणापर्यंत."

ताईने डोळे मिटले. आता काठी नव्हती. दाजी ते दार वाजवायचं वाक्य परत बोलले, जरा टीव्हीसारखं, शुद्ध करून. पाण्याचा आवाज मोठा होत गेला. आणि त्या पाण्यात, अगदी हळू, स्वतःशीच, फक्त कॉलरच्या बटणाला ऐकू येईल एवढ्या आवाजात, ते म्हणत होते, "येतोय हं... येतोय... येतोय हं..."

त्या माणसाने बटण दाबून बंद केलं. म्हणाला, "पुढचं नका ऐकू, बाई."

ताई म्हणाली, "मागे घ्या."

त्याने मागे घेतलं. ती परत म्हणाली, मागे घ्या. त्याला वाटलं तिला येतोय येतोय ऐकायचंय. पण तिला "बरं" ऐकायचं होतं. सारखं तिथेच आणायला लावलं. बरं. वळणापर्यंत. बरं. शेवटी तिने हेडफोन काढले आणि त्या बाईला म्हणाली, "त्यांनी सांगितलं होतं तुला. वाजवल्याशिवाय कसं, म्हणाले होते."

बाई रडायला लागली होती. म्हणाली, "काकू, मला वाटलं गंमत करतायत. ते सगळं हसत हसतच बोलायचे."

ते खरं होतं. दाजी सगळं हसत हसतच बोलायचे.

ती म्हणाली, "हे मला दे. साहेबांना ऐकवायचंय." बाईने त्या माणसाकडे बघितलं, त्याने मान हलवली, नाही. तेवढ्यात तिचे सर आले. त्यांना काय चाललंय ते लगेच कळलं. गोड बोलणारा माणूस. म्हणाले, "हे रेकॉर्डिंग चॅनलचं आहे, ते बाहेर नाही देता येत, कायद्याचा प्रश्न असतो. पण तुम्ही स्वतः बोला ना. आम्ही तुमच्या घरी येऊ. तुमची बाजू लोकांना कळू दे." ताई म्हणाली, "जे ऐकलं ते सांगितलं तर दाखवाल?" ते म्हणाले, "तुम्ही मनातलं बोला. आम्ही नक्की प्रयत्न करू."

तिथून ताई सरळ रेंजर साहेबांकडे गेली. साहेबांनी तिला बसवलं, सगळं ऐकून घेतलं. पेन उघडझाप करत होते. म्हणाले, "वहिनी, मला वाईट वाटतं. पण विचार करा, नियम म्हणजे नियम. कोणी काही सांगितलं तरी मोडायचा नाही. म्हणजे शेवटी चूक कोणाची झाली?"

"तुम्हीच म्हणालात ना, ते म्हणतील तसं करा?"

"मी सहकार्य करा म्हणालो होतो."

"मग त्यांनी ते नाही केलं असतं तर?"

"म्हणजे?"

"ते नाही म्हणाले असते, मी वाजवणारच म्हणाले असते, तर तुम्ही त्यांना काय म्हणाला असतात?"

साहेबांचं पेन थांबलं. मग म्हणाले, "तुम्ही फार थकलेल्या दिसता. गाडी देतो घरी सोडायला." ताई चालत आली. तिला वाटेत कुठे बसावंसं वाटलं, पण कुठे बसली तर उठायचं नाही होणार आपल्याच्याने, म्हणून चालत राहिली.

त्या चॅनलवाल्या बाईने आपला नंबर दिला होता, म्हणाली होती, काकू, मी सांगेन सरांना, मी स्वतः बोलेन टीव्हीवर. ताईने फोन केला तर उचलला. दुसऱ्या वेळी उचलला नाही. मग तो लागेचना. मुका एकदा संध्याकाळी येऊन गेला, दारात उभा राहिला, आत आला नाही, चहा नको म्हणाला. जाताना म्हणाला, "आमच्याकडे आता मी पण जोरजोरात वाजवतो, वहिनी. हात सुजतो." आणि गेला.

मधल्या काळात सासूबाई उठल्या. कशा उठल्या ते कोणालाच कळलं नाही. पाय पूर्वीपासून अधू, बाथरूमला जायचं तर ताईच्या खांद्याला धरून. एक दिवस ताई मशीनवर होती आणि मागून ठक ठक आलं. ताईचा हात सुईखाली जाता जाता राहिला. बघते तर सासूबाई दाजींची काठी टेकत भिंतीच्या कडेने चालल्या होत्या. म्हणाल्या, "बघतेस काय? तू किती दिवस मला उचलणार." काठीचं टोक झिजून झिजून गोल झालेलं, फरशीवर सरकायचं, म्हणून त्या जोरात आपटून टेकवायच्या. मग दिवसभर घरात तोच आवाज. शेजारीण म्हणाली, रबर बसवून घे टोकाला. ताई म्हणाली, नको.

चॅनलवाले आले ते एका रविवारी. ती बाई नव्हती, दुसराच एक पुरुष, केस उभे केलेला, आणि कॅमेऱ्यावाला, आणि आवाजाचं बघणारा. दाजींचा फोटो भिंतीवर होता तो काढून स्टुलावर ठेवला, म्हणजे ताईच्या मागे दिसेल. मशीन हलवली. पंखा बंद केला, आवाज येतो म्हणाले. फ्रिजची पिन काढली, तोही गुणगुणतो म्हणाले. खिडकी लावली. ताई सगळ्याला मान हलवत होती. तिने मनात पाठ केलं होतं, पहिलं वाक्यच ते बोलायचं, वाजवत होते, तुमच्या माणसांनी थांबवलं. कापलं तरी कापलं. आमचा भाऊ तिला म्हणाला होता, ते कापणारच आहेत ताई, तुला फक्त रडताना दाखवतील आणि वर बाजा लावतील. ती म्हणाली होती, "माहितीय. पण मी दुसरं कुठे बोलू?"

आवाजाच्या माणसाने तिच्या पदराला माइक लावला. एवढासा, काळा, बटणासारखा. ताईने मान खाली घालून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"रेडी," केसवाला म्हणाला.

आणि मधल्या खोलीतून ठक. ठक. सासूबाई निघाल्या होत्या. सगळे थांबले. आवाजाच्या माणसाने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काकू, आजींना जरा सांगता का? तेवढी काठी नका वाजवू म्हणावं. दोनच मिनिटं."

ताईच्या तोंडाशी "बरं" आलं होतं. ती नंतर आम्हाला म्हणाली, अगदी जिभेवर आलं होतं ग, तोंड उघडलं पण होतं.

तिने पदराचा माइक काढला. ती उठली, मधल्या दारापर्यंत गेली, सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या, त्यांना वाटलं आपलं काही चुकलं.

ताई म्हणाली, "या आई. वाजवत या."

सासूबाईंनी काठी उचलली आणि टेकवली. मग पुढचं पाऊल टाकलं. केसवाल्याने घड्याळात बघितलं. बाहेरची खोली तेवढीशीच, पण त्यांना ती ओलांडायला फार वेळ लागतो, आणि सगळे उभेच होते, पंखा बंद, फ्रिज बंद, आणि त्या येत होत्या.